नळी उलटी करून पाहा

जुनी दुनळी बंदूक हाती आली, की तिच्यावरचं नाव मी सगळ्यात शेवटी वाचतो. आधी नळ्या सोडवून उलट्या करायच्या. तिथे लंबवर्तुळात ई, एल, जी ही अक्षरं दिसली, की बंदूक बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीतून गेलेली. वर नाव कुठल्याही साहेबाचं असो. (रिव्हॉल्वर असेल, तर हा शिक्का गोळ्या भरायच्या फिरत्या भागावर शोधावा.)

लिएजमध्ये चाचणीचा हुकूम १६७२चा. नेपोलियनच्या १८१०च्या फर्मानाने ती नव्याने सक्तीची झाली. नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढायचा. नळी टिकली तरच शिक्का. लंबवर्तुळावर मुकुट आला १८९३ मध्ये. शेजारी तपासनिसाचं एक अक्षर असतं: १८५३ पासून त्यावर मुकुट, १८७७ नंतर चांदणी. म्हणजे अक्षरावर चांदणी, पण लंबवर्तुळ बोडकं, तर बंदूक १८७७ ते १८९३ मधली. एवढा नेमका पुरावा नक्षीकामातून कधीच मिळत नाही.

नावांची मात्र चंगळ. लिएजचे कारागीर घरोघरी सुटे भाग घडवत, नळ्या वेद्र नदीच्या खोऱ्यातून येत आणि व्यापारी गिऱ्हाईक सांगेल ते नाव कोरून देत. अमेरिकेत ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ छापाच्या स्वस्त बेल्जियन दुनळ्या खपल्या. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. मला ही सरळ लबाडी वाटते.

घरात अशी बंदूक असेल, तर गंज काढताना नळीखालचे शिक्के तेवढे घासू नका.