आरोग्य केंद्राचा ‘लीडर’ कोण? आधी इतिहास, मग प्रश्नावली

आरोग्य व्यवस्थापनात पीएच.डी. करायची म्हटलं की सिनॉप्सिसचा विषय बऱ्याचदा असा असतो : ‘पलूस तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमधील नेतृत्वाचा अभ्यास’. विषय चांगला आहे. पण नेतृत्वाची एखादी तयार प्रश्नावली घेऊन थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांना गुण द्यायला बसलात, तर गडबड होते. त्या प्रश्नावलीतल्या ‘लीडर’च्या हाताखाली त्याची स्वतःची माणसं असतात. आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली ती कितपत असतात? हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९४३ साली नेमलेल्या भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. उपचार आणि रोगप्रतिबंध एकत्र करणारं प्राथमिक आरोग्य केंद्र ही त्यातली मोठी शिफारस. डॉक्टर घडवताना प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण द्यावं, असंही समितीने सुचवलं.

दुसरा प्रवाह मुंबईतला. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. तेच १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था. समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण देशात इथून सुरू झालं आणि पुढे याच संस्थेत रुग्णालय प्रशासनाचं पदव्युत्तर शिक्षणही आलं. म्हणजे आपल्या विषयाला वैद्यक आणि समाजकार्य अशी दोन्ही घराणी आहेत.

आता गावपातळी. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण आरोग्य केंद्रं त्यांच्याकडे गेली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी आली. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आली. प्रत्येक वेळी कामाला हात वाढले, पण प्रत्येक हाताचा मालक वेगळा राहिला. वैद्यकीय अधिकारी राज्य शासनाचा, नियमित एएनएम जिल्हा परिषदेची, अंगणवाडी सेविका महिला व बालविकास विभागाची, आणि आशाला पगार नाही, कामावर आधारित मोबदला. लसीकरणाच्या दिवशी मात्र ही सगळी एकाच ओट्यावर असतात.

अशा ठिकाणी ‘तुमचं नेतृत्व कसं आहे?’ हा प्रश्न अपुरा पडतो. ‘आदेश देण्याचा अधिकार नसलेल्या माणसांकडून काम कसं होतं?’ हा खरा प्रश्न. नाहीतर व्यवस्थेतली फट आपण एका डॉक्टरच्या स्वभावदोषात मोजून मोकळे होतो, आणि प्रबंधाची शिफारसही ठरलेली : ‘प्रशिक्षण द्यावे’.

म्हणून मुलाखतींआधी कागद बघा : बदलीचे आदेश, रुग्ण कल्याण समितीची इतिवृत्तं, मानधनाची बिलं. सही कोणाची, हे टिपत चला. जुने कागद शोधताना एक लक्षात ठेवा. पलूस हा स्वतंत्र तालुका अलीकडचा, आधी हे गाव तासगाव तालुक्यात होतं. १९६० पूर्वी जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा, आणि १९४९ च्या आधी तोही नव्हता. शेजारचं कुंडल, किर्लोस्करवाडी तर औंध संस्थानात. नुसतं ‘पलूस, जि. सांगली’ शोधलंत तर जुनं काही हाती लागणार नाही.