१८ एप्रिल : पाण्याने फिरणारं जातं आणि बीडची खजाना बावडी

स्मारकांच्या जतनासाठी १८ एप्रिल हा दिवस पाळावा, या प्रस्तावाला युनेस्कोने १९८३ साली मान्यता दिली. जागतिक वारसा दिन म्हटलं की किल्ले, लेणी आणि मंदिरं आठवतात. दळणाच्या जात्यालाही या यादीत मान मिळायला हवा.

युरोपच्या किनाऱ्यांवर समुद्रवाऱ्याने पवनचक्क्या फिरल्या. मराठवाड्यात दळणाचं काम डोंगरातल्या झऱ्याने केलं. छत्रपती संभाजीनगरच्या बाबा शाह मुसाफिर दर्ग्यातल्या पाणचक्कीसाठी काही किलोमीटर दूरवरून जमिनीखालच्या मातीच्या नळांनी पाणी आणलं. ते उंच भिंतीवर चढवून तिथून खाली सोडलं, की त्या जोराने चक्र फिरे आणि फकीर, यात्रेकरूंसाठी पीठ पडे. तेल नाही, बैल नाही! १८व्या शतकातली ही करामत आजही पाहता येते. आवारातल्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. वर पाणी असल्याने खाली ऐन उन्हाळ्यातही गारवा राहतो.

बीडकरांना असं कौशल्य पाहायला इतकं लांब जायला नको. शहराच्या दक्षिणेला असलेली खजाना बावडी ही विहीर अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८२ साली सलाबतखानाने बांधली. तिचा आराखडा राजा भास्कर यांचा मानला जातो. दोन भुयारी कालव्यांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून शेताकडे जातं. सगळं उताराच्या बळावर. दुष्काळ पाठीस लागलेल्या जिल्ह्यात या कालव्यांची निगा राखणं निकडीचं आहे.