एडिटर बंद न करता

१९७६ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या एआय लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी टेको या जुन्या एडिटरवरच्या विखुरलेल्या मॅक्रोंची मोट बांधली आणि इमॅक्स तयार झाला. तिथली मंडळी एकदा सुरू केलेला एडिटर सहसा बंद करत नसत. दुसरं काम करायचं, की त्याला बाजूला ठेवायचं. गरज लागली, की पुन्हा पुढे आणायचं.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची रीत उलटी. एडिटर उघडा, फाइल लिहा, बाहेर पडा. इतर प्रोग्रामही याच रीतीवर विसंबून असत. टपाल पाठवणारा प्रोग्राम 'एडिटर' या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये कोणाचं नाव आहे ते पाही, त्याला बोलावी आणि तो बंद होईपर्यंत थांबून राही. एडिटर संपला, म्हणजे मजकूर लिहून झाला, असा साधा हिशेब.

१९८४ मध्ये स्टॉलमन यांनी युनिक्ससाठी जीएनयू इमॅक्स लिहायला घेतला आणि या दोन रीती समोरासमोर आल्या. इमॅक्स अवजड होता. 'आठ मेगाबाइट आणि सतत स्वॅपिंग' अशी त्याच्या नावाची फोड करून लोक थट्टा करत. प्रत्येक पत्रासाठी दुसरा इमॅक्स उघडायचा, म्हणजे वाट पाहणं आलं, मेमरीची उधळण आली. शिवाय एकच फाइल दोन ठिकाणी उघडून गोंधळ होण्याची भीती.

त्यावरचा तोडगा १९८६ च्या सुमारास आला. एमआयटीच्याच विल्यम सोमरफेल्ड यांनी इमॅक्सला सर्व्हर बनवणारा लिस्प कोड लिहिला. त्याच्या जोडीला 'इमॅक्सक्लायंट' हा छोटा प्रोग्राम निरोप्या म्हणून आला. तो स्वतः काहीच लिहीत नाही. सॉकेटवरून चालू इमॅक्सला फाइलचं नाव कळवतो आणि गप्प उभा राहतो. लिहिणाऱ्याने कंट्रोल-एक्स आणि मग # दाबलं, की निरोप्या निघून जातो. बोलावणाऱ्या प्रोग्रामला वाटतं, एडिटर बंद झाला. इमॅक्स मात्र चालूच असतो.

सुरुवातीला मधे 'इमॅक्ससर्व्हर' नावाचा वेगळा प्रोग्राम लागे. २००७ च्या २२ व्या आवृत्तीत तो गेला. २००९ मध्ये २३ व्या आवृत्तीने डीमनची सोय दिली: खिडकी न उघडता इमॅक्स मागे चालू राहतो आणि कुठल्याही टर्मिनलवरून त्याला हाक मारता येते. तोवर ब्राम मोलेनार यांच्या विम या एडिटरमध्येही २००१ च्या ६.० आवृत्तीपासून चालू एडिटरकडे फाइल सोपवणारा 'रिमोट' हा पर्याय आलेला होता.

सोमरफेल्ड यांच्या निरोप्याचं मोठं काम निरोप पोचवण्यापेक्षा थांबून राहण्याचं होतं, आणि ते आजही टळलेलं नाही. व्हीएस कोड या एडिटरची 'कोड' ही कमांड फाइल चालू खिडकीकडे सोपवून लगेच परतते. म्हणून फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला हा एडिटर नेमून देताना 'वेट' हा पर्याय जोडावा लागतो. तो जोडायचा राहिला, तर गिटला कमिटचा संदेश रिकामा दिसतो आणि ते कमिट रद्द करून मोकळं होतं.