मेस्त्रींच्या घरातली शाळा

कलावंत जन्मावा लागतो, घडवता येत नाही, असे विधान कोल्हापुरात कोणी केले की पाठोपाठ बाबूराव पेंटरांचे नाव येते. बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०-१९५४) कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. तरीही नाटकांचे पडदे, व्यक्तिचित्रे, शिल्पे आणि पुढे चित्रपट अशा सर्व क्षेत्रांत त्यांनी अधिकार मिळवला. उपजत प्रतिभेचा याहून ठळक पुरावा कोणता, असे विचारले जाते. आम्हांला मात्र हा पुरावा नेमका उलट बाजूचा वाटतो.

बाबूरावांचे वडील लोहारकाम आणि सुतारकाम करीत. चित्रकला, मूर्तिकाम व हस्तिदंती कोरीवकामही त्यांना अवगत होते. हत्यार कसे धरावे, लाकडाचा कल कसा ओळखावा, हे त्या घरातले मूल बोलण्याबरोबरच शिकत असणार. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, चित्रपट दाखवण्याचे यंत्र मिळवून त्याची रचना अभ्यासली आणि स्वतःचा कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. ते काम बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने तडीस नेले. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरवले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. तेव्हा बाबूरावांना ‘अशिक्षित’ म्हणणे म्हणजे कारखान्यातल्या शिक्षणाला शिक्षण न मानणे होय. पुढे हीच कंपनी दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांची शाळा झाली.

याच शहरात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) होते. शाळेतल्या रीतसर शिक्षणाने त्यांची दृष्टी मारली गेली नाही, हे कोल्हापूर परिसराच्या त्यांच्या निसर्गचित्रांवरून दिसते. शाळा प्रतिभेला बोथट करते, हा दुसरा समजही इथे टिकत नाही.

संगीतातले उदाहरण अधिक बोलके आहे. शाहू महाराजांच्या दरबारचे गायक अल्लादिया खाँ यांचा आवाज ऐन उमेदीत बसला आणि पूर्वीसारखा परतलाच नाही, असे सांगितले जाते. निसर्गाने दिलेले गेले. उरली ती घरची कठोर तालीम. तिच्या आधारे त्यांनी बदललेल्या गळ्याला साजेशी गायकी रचली. जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख ठरलेली ही गायकी केवळ देणगीतून आली असती, तर देणगीबरोबरच संपली असती.

मम्मटाने काव्याची कारणे सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही नावे घेतली. पण ‘हेतु’ हा शब्द मात्र एकवचनी वापरला. तीन मिळून एकच कारण. वर्गात ही कारिका शिकवताना त्या एकवचनावर आपण फारसे थांबत नाही.

थांबलो तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही: अभ्यास करायला मिळतो कोणाला? मेस्त्रींच्या घरी जन्मलेल्याला कारखाना मिळाला, अत्रौलीच्या घरात जन्मलेल्याला तालीम. मोगूबाई कुर्डीकरांची सांगलीत सुरू झालेली तालीम खाँसाहेब मुंबईस गेल्यावर खंडित झाली. ती पुन्हा मिळवण्यासाठी त्यांनाही मुंबई गाठावी लागली. मोगूबाईंजवळ जे होते ते कमी नव्हते. कमी होती ती वाट.

ही वाट रुंद करण्याचे काम कोल्हापूरजवळच्या कुरुंदवाडात जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी केले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. अशा विद्यालयांतून थोर गायक निघत नाहीत, हा आक्षेप जुना आहे आणि तो अगदीच खोटा नाही. ओंकारनाथ ठाकूर किंवा विनायकराव पटवर्धन घडले तेही पलुसकरांच्या दीर्घ सहवासात. परंतु गाणे नसलेल्या घरातील मुलाला सूर शिकण्याचा हक्क आहे, ही गोष्ट घराण्याने नव्हे, विद्यालयाने मान्य केली.

‘अंगभूत गुण’ हे शब्द म्हणूनच आम्हांला जपून वापरावेसे वाटतात. ज्या विद्यार्थ्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, त्याची भाषा आपल्याला उपजत वाटते. ज्याच्या घरी ते नाही, त्याला आपण ‘जेमतेम’ ठरवून मोकळे होतो. पहिल्याच्या घरातली शाळा आपल्याला दिसत नाही एवढेच. दुसऱ्यासाठी ती शाळा वर्गातच उभी करावी लागते, आणि ते काम प्रतिभेवर सोपवून चालत नाही.