बिनउकळीच्या पाण्याची कुळकथा

सॉसेज ही मुळातच पिशवीत भरलेली वस्तू. खिमा, चरबी, मीठ, मसाला आतड्यात ठासायचा आणि टोके आवळायची, हा उद्योग युरोपात रोमन काळापासून चालू आहे. आता तेच सॉसेज प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठरावीक तापमानाच्या पाण्यात शिजवतात. या पद्धतीला ‘सू-वीद’ म्हणतात. तिने सॉसेजला खरोखर काही दिले असेल, तर ती पाण्याच्या उष्णतेवरची हुकमत.

उकळत्या पाण्याशी सॉसेजचे जुने वैर आहे. मांसातली काही प्रथिने पन्नास अंशांच्या आसपासच बदलू लागतात आणि खिमा धरून येतो. पण साधारण ६५ अंशांच्या पुढे दुसरी प्रथिने आवळू लागतात आणि रस पिळून बाहेर काढतात. चरबी वितळते, आतडे आक्रसते आणि शेवटी फुटते. जर्मन खाटिकांना हे शास्त्राआधी हाताने कळले होते. म्युनिकची ‘वाइसवुर्स्ट’ ही पांढरी सॉसेज आजही उकळत नाहीत. पाणी तापवून आचेवरून उतरवतात आणि मग त्यात ती मुरत ठेवतात.

मंद उष्णतेची लेखी नोंद १७९९ची, काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाची. बटाटे सुकवायच्या यंत्रात मांस भाजते का, हे पाहायला त्यांनी मेंढीचा खांदा आत ठेवला. तीन तासांनी पाहिले तर शिजलेला नव्हता, म्हणून प्रयोग सोडून दिला. खांदा मात्र रात्रभर आतच राहिला आणि सकाळी उत्तम शिजलेला निघाला. तरी दीडशे वर्षे या शोधाचे फारसे कोणी काही केले नाही. तापमान तासन्‌तास एका अंशावर धरून ठेवणारे साधन स्वयंपाकघरात नव्हतेच.

हवाबंद पिशवी आली ती इस्पितळांमार्गे. १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये आणि पाठोपाठ अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात रुग्णांचे जेवण एका ठिकाणी रांधून, हवा काढलेल्या पाकिटांत भरून पाठवण्याचे प्रयोग झाले. चवीसाठी या पिशवीकडे पाहिले ते फ्रेंचांनी. रोआन गावच्या त्र्वाग्रो बंधूंच्या नामांकित उपाहारगृहात फुआ ग्रा, म्हणजे चरबीदार यकृत, शिजताना फार वितळून जाई. १९७४मध्ये शेफ जॉर्ज प्रालूस यांनी ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून मंद शिजवले आणि नासाडी नाममात्र उरली. त्याच दशकात ब्रूनो गूसो या अन्नशास्त्रज्ञाने तापमान आणि वेळ यांचे गणित बसवले आणि पुढे अनेक नामवंत शेफना ते शिकवले.

मंद उष्णता आणि पिशवी यांच्यानंतरचा तिसरा पूर्वज प्रयोगशाळेतला. रसायनांच्या नळ्या एकाच तापमानात ठेवणारी पाणी-कुंडे शेफनी उचलून आणली. ती महाग होती. २००९मध्ये ‘सूवीद सुप्रीम’ हे घरगुती कुंड आले. २०१२-१३मध्ये नोमिकू, अनोव्हा यांच्या दांड्यासारख्या यंत्रांनी कोणतेही पातेले कुंड बनवले आणि ही पद्धत घरगुती स्वयंपाकघरात पोहोचली.

घरी करताना कच्च्या सॉसेजवर जोरदार निर्वात यंत्र चालवू नये, मऊ सॉसेज चपटते. झिपलॉक पिशवी उघड्या तोंडाने पाण्यात हळूहळू बुडवली की पाणीच हवा बाहेर ढकलते. सॉसेज एका थरात ठेवावे. फ्रिजमधून काढलेल्या, तीन सेंटिमीटर जाडीच्या कच्च्या सॉसेजला ६५ अंशांवर दीड तास द्यावा. मग कोरडे पुसून कडकडीत तव्यावर मिनिटभर फिरवावे, कारण खमंग तपकिरी रंग पाण्यात कधीच येत नाही. लगेच खायचे नसेल तर बंद पिशवी बर्फाच्या पाण्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवावी. हवा नसलेल्या पाकिटात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि त्यांचे बीजाणू या तापमानाला मरत नाहीत.

प्रत्येक सॉसेजला हा खटाटोप शोभत नाही. आपल्याकडे फ्रोझन मिळणारी बरीच चिकन सॉसेज आधीच शिजवलेली असतात, त्यांना नुसते गरम करणे पुरते. गोव्याच्या चोरिसाची तर रीतच उलटी. व्हिनेगर आणि मिरचीत मुरवून सुकवलेल्या चोरिसातली चरबी कांदा-बटाट्यात उतरली पाहिजे, त्यातच तिची मजा. ही पद्धत खरी उपयोगी पडते ती कच्च्या, ताज्या, रसदार सॉसेजला. त्यासाठी यंत्रावर पैसे घालण्याआधी स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर घ्या. जाड बुडाचे पातेले, मंद आच आणि थर्मामीटरच्या आकड्यावर लक्ष ठेवण्याची चिकाटी असेल, तर यंत्र नसले तरी चालते.