अंगणवाडी हा शब्द खिचडीच्या आधीचा आहे

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात तीन ते सहा वर्षांचं पोर असेल, किंवा वाडीवरच्या अंगणवाडीशी काही संबंध येत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

जून जवळ आला की पालीत एकच विषय. "अ‍ॅडमिशन झाली का?" पोर असतं तीन-साडेतीन वर्षांचं. बाजारात भेटलेली आई कौतुकानं सांगते, एबीसीडी पाठ आहे, वन टू फिफ्टी येतं, स्वतःचं नाव इंग्लिशमध्ये सांगतो, आता केजीला त्रास नाही. पोराच्या पाठीवर त्याच्याएवढं दप्तर. आणि त्याच जून महिन्यात आपल्याच सुधागड तालुक्यात, एखाद्या कातकरी वाडीवरचं सहा वर्षांचं पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला जाऊन बसतं. त्याच्या आधीच्या तीन वर्षांपैकी अर्धा काळ वीटभट्टीवर गेलेला असतो. गुरुजी बोलतात ती मराठी त्याच्या घरची नसते. दोन-चार दिवसांनी ते येईनासं होतं, आणि आपण म्हणतो, "ह्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही."

शाळेत जाण्याआधी मुलाची तयारी म्हणजे नक्की काय, हा प्रश्न नवा नाही. आपल्याच कोकण किनाऱ्यावर, पार वरच्या टोकाला, ऐंशी वर्षांपूर्वी तो दोन शिक्षिकांनी हातात घेतला होता. रोज तोंडात असलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्यांच्या त्या कामातून आलाय. ती गोष्ट आपल्याला कुणी नीट सांगितलेली नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात थोडी लांबून करावी लागेल. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकानं १८३७ साली लहान मुलांसाठी खेळातून शिकवणारी संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन' म्हटलं, म्हणजे मुलांची बाग. आपल्या केजीतला 'के' आणि 'जी' तो हा. पुढे १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरींनी पहिलं 'बालघर' उघडलं. आईबाप कामावर गेले की दिवसभर मोकाट फिरणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी ते होतं. आज 'मॉन्टेसरी' म्हटलं की महागडी शाळा डोळ्यासमोर येते. सुरुवात मात्र मजुरांच्या चाळीतली.

हे विचार आपल्याकडे आणले ते गिजुभाई बधेकांनी. मूळचे वकील. १९२० साली त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. तिथं १९२३ च्या सुमारास एक मराठी बाई येऊन मिळाल्या. ताराबाई मोडक. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. त्याआधी राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. चांगली मानाची नोकरी सोडून त्या तीन-चार वर्षांच्या पोरांमध्ये जाऊन बसल्या. त्या काळी ह्या वयाच्या मुलाला शिकवणं हे काही काम आहे, असं कुणी मानत नव्हतं. १९२६ साली दोघांच्या पुढाकारानं नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे 'शिक्षणपत्रिका' मराठीतूनही निघू लागली, आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं.

दादरला काम चांगलं चाललं होतं. पण ताराबाईंना एक गोष्ट खुपत होती. बालशिक्षण शहरातल्या सुशिक्षित घरांपुरतं राहत होतं. मॉन्टेसरींची साधनं सुंदर, पण महाग. खेड्यातल्या पोरापर्यंत ती पोचणार कशी?

मग १९४५ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, ताराबाई बोर्डीला गेल्या. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. (त्या वेळी आपली पाली भोर संस्थानात होती, हेही लक्षात ठेवा. काळ किती वेगळा होता ते कळेल.) तिथं त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न, आणि काही महिन्यांतच वैधव्य. शिकून शिक्षिका झालेल्या. ह्या दोघींनी पुढची जवळजवळ तीस वर्षं एकत्र काम केलं.

आता मुद्द्याची गोष्ट. बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण दलित आणि आदिवासी वस्त्यांवरची मुलं येईनात. कारणं आपल्यालाही ओळखीची आहेत. आई कामावर, मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंडं, अंगावर धड कपडा नाही, आणि गावातल्या इमारतीत पाय ठेवायची भीती. बहुतेकांनी काय केलं असतं? "आम्ही सोय केलीय, ते येत नाहीत" असं अहवालात लिहून मोकळे झाले असते.

ताराबाई आणि अनुताई बालवाडी उचलून वस्तीवर घेऊन गेल्या. कुणाच्या तरी घरापुढचं अंगण झाडायचं, मुलांना गोळा करायचं, हातपाय-तोंड धुवायचं, केस विंचरायचे आणि तिथंच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. अंगणात भरते ती अंगणवाडी.

महागड्या साधनांचा प्रश्नही तिथंच सुटला. बिया, पानं, शिंपले, खडे, माती. आजूबाजूला फुकट मिळेल ते साधन. ह्यात काटकसर होती, पण नुसती काटकसर नव्हती. चिंचोक्यांचे ढीग लावणारं, मोठे-छोटे शिंपले वेगळे करणारं मूल मोजणं आणि तुलना करणं शिकत असतं. माती मळणारी बोटं पुढे पेन्सिल धरायला तयार होत असतात. गोष्ट ऐकून "मग काय झालं?" असं विचारणारं मूल वाचायची तयारी करत असतं. आणि हे सगळं ओळखीच्या वस्तूंमधून होत असल्यामुळे मूल बुजत नाही.

१९५७ साली हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध. तिथं 'विकासवाडी' उभी राहिली. तान्ह्यांचं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. असं का? कारण धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती. धाकट्याची सोय झाली की मोठीची शाळा सुटत नाही. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शिक्षक कुरणावर जाऊ लागले. गुरं चरतायत, पोरं शिकतायत. 'कुरणशाळा' म्हणत तिला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्याही गेल्या.

आता पुढचा भाग, जो आपल्या रोजच्या बातम्यांचा आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरात फक्त ३३ प्रकल्प. केंद्राला नाव मिळालं 'अंगणवाडी'. कोकण किनाऱ्यावरचा शब्द देशभर गेला, ही अभिमानाची गोष्ट आहे. योजनेत सहा सेवा होत्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आयांना आहार-आरोग्याची माहिती, आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. म्हणजे ज्या कामासाठी अंगणवाडी जन्माला आली, ते सहातलं एक झालं. आणि हे सगळं करायला एक सेविका आणि एक मदतनीस.

आहार कमी महत्त्वाचा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. उपाशी पोर शिकत नाही. पण आहाराचं वजन होतं, नोंद होते, रजिस्टर भरलं जातं. गोष्ट सांगितली की नाही, ह्याचं रजिस्टर कुणी बघत नाही. वीसेक वर्षं मी तालुक्याच्या बातम्या करतोय. अंगणवाडीवर बोलणं निघालं की विषय ठरलेले. आहार निकृष्ट, छप्पर गळतंय, सेविकेची जागा रिकामी. बातम्या खऱ्याच असतात. पण मुलं तिथं तीन वर्षांत काय शिकली, हा प्रश्न एकाही सभेत विचारलेला मी ऐकलेला नाही. हळूहळू गावाच्या डोक्यात समीकरण पक्कं झालं. अंगणवाडी म्हणजे खिचडी, आणि शिक्षण हवं असेल तर फी भरून केजी.

त्या केजीबद्दलही बोलू. १९९३ साली प्रा. यशपाल समितीनं दप्तराच्या ओझ्यावर अहवाल दिला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की बालवाडीच्या वयात औपचारिक लेखन-वाचन-अंकांचा मारा करणं ही लहान मुलांवरची हिंसा आहे, आणि नर्सरी प्रवेशाच्या परीक्षा-मुलाखती बंद करा. त्याला तीस वर्षं उलटून गेली. आपण मात्र अजून साडेतीन वर्षांच्या पोराकडून चार रेघी वही भरून घेतोय.

पालकांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. रिक्षा चालवून, प्रसादाचं दुकान चालवून, ओझी उचलून लोक फी भरतात. आपलं पोर मागे पडू नये एवढीच त्यांची इच्छा असते. पण ज्याच्यासाठी पैसे मोजतोय ती तयारी आहे का, हे विचारायचा हक्क त्यांना आहे.

कायदा काय सांगतो? २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं ६ ते १४ वयाचं शिक्षण मूलभूत हक्क झालं. सहाच्या आतल्या मुलांसाठी मात्र घटनेच्या ४५ व्या कलमात 'राज्य प्रयत्न करील' एवढंच राहिलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही तीन ते सहा वयाची व्यवस्था सरकार 'करू शकेल' अशीच भाषा आहे. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण तिसऱ्या वर्षापासून पायाभूत टप्पा धरतं, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

तरी दोन निकाल लक्षात ठेवा. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथं लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. आणि एप्रिल २०२२ मध्ये, सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क देताना, ह्याच न्यायालयानं म्हटलं की अंगणवाडीत तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी चालतं ते निव्वळ शैक्षणिक काम आहे, आणि सेविका-मदतनीस शिकवण्याचं काम करतात. म्हणजे कागदावर त्या 'मानधनी' असल्या तरी न्यायालयाच्या लेखी शिकवणाऱ्या आहेत.

आता सुधागडकडे या. आपल्या कातकरी वाड्या लहान लहान, विखुरलेल्या. चाळीस मुलांचा आकडा कितीतरी वाड्यांत भरणार नाही. दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसा पाडायला निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. अंगणवाडी जागच्या जागी, मूल भलतीकडे. घरात कातकरी बोली, पुस्तकात दुसरी मराठी. बोर्डीत १९४५ साली हीच अडचण होती, आणि तिथं वाडी मुलाच्या मागे गेली होती. आज आपल्याकडे नेमकं उलटं आहे. नाव अंगणवाडीचं, पण अंगण सोडून ती चार भिंतींत बसलीय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. भट्टी ही चार-सहा महिन्यांची वस्तीच असते, तर त्या महिन्यांत भट्टीवर अंगण का भरू नये? कुठल्या वाडीचं कोणतं कुटुंब कुठे जातं, हे सेविकेला, मुकादमाला, सगळ्यांना ठाऊक असतं. ती यादी दिवाळीआधी करायची आणि त्याच वाडीवरची एखादी शिकलेली कातकरी मुलगी मानधनावर सोबत द्यायची. भाषेचा प्रश्नही त्यातच सुटतो. हे न झेपणारं काम नाही. ताराबाई-अनुताईंकडे ह्यापेक्षा कमी साधनं होती.

आणि ज्यांची मुलं पालीतच आहेत त्यांनी एवढं करा. अंगणवाडी असो की केजी, पोराला घालण्याआधी अर्धा तास तिथं बसा. मुलं बोलतात की फक्त बाई बोलतात? गोष्ट सांगतात का? माती, बिया, ठोकळे हाताळायला मिळतात का? खेळायला बाहेर सोडतात का? घरच्या भाषेत बोललेलं चालतं का? ह्या पाचांपैकी चारांचं उत्तर 'हो' असेल, तर तुमच्या पोराची तयारी होतेय, मग एबीसीडी चार महिने उशिरा आली तरी चालेल.

ग्रामसभेत, नगरपंचायतीत ह्या वेळी आहाराबरोबर हाही प्रश्न विचारा. "आमच्या अंगणवाडीत मुलं काय शिकली?" भट्टीवरच्या मुलांचं काय, तेही विचारा. उत्तर काय मिळालं ते मला कळवा, मी छापतो.