वऱ्हाडातली दूरचित्रवाणी : मनोरा आणि वायर

वऱ्हाडचा कारभार बहुतेक काळ दुसऱ्याच्या राजधानीतून झाला. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, इमादशाहीची जेमतेम पंच्याऐंशी वर्षे सोडली तर हुकूम कधी अहमदनगरहून आला, कधी दिल्लीहून, कधी हैदराबादेहून. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने गेला आणि नागपूर आमची राजधानी झाली. १९५६ नंतर मुंबई. दूरचित्रवाणीच्या बाबतीतही नेमके हेच घडले. अमरावती आणि अकोल्याच्या टीव्हीचा इतिहास लिहायला बसले की पहिला प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे आमच्याकडे टीव्हीचे 'स्टेशन' होते तरी कधी?

भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला आले, वर्षभरात सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यालाही चित्र दिसू लागले. पश्चिम महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाच्या आठवणींत म्हणूनच सत्तरच्या दशकातले मराठी कार्यक्रम आहेत. आमच्या आठवणींत ते नाहीत. मुंबई अमरावतीपासून साडेसहाशे किलोमीटर, तिथल्या लहरी इथे पोचणे अशक्य. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे त्यात होती. आंध्र होता, कर्नाटक होते, मध्य प्रदेशही होता. आमच्या दोन्ही शेजाऱ्यांच्या खेड्यांत चित्र पोचले, महाराष्ट्राला वगळले गेले.

नागपूर केंद्र १९८२ साली आले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत चित्र सुरू झाले होते. पण नागपूर ते अमरावती दीडशे किलोमीटर, अकोला अडीचशे. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईपलीकडे त्या फारशा उतरत नाहीत. गच्चीवर कितीही उंच पाइप उभारला आणि ॲन्टेना पूर्वेकडे फिरवला, तरी दीडशे किलोमीटरवर मुंग्यांपलीकडे काही दिसण्याची हमी नव्हती.

चित्र आले ते उपग्रहामुळे. इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ मध्ये अंतराळात गेला आणि सरकारने देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्याचा सपाटा लावला. १९८४च्या उत्तरार्धात तर काही महिने दिवसाला एक प्रक्षेपक सुरू होत होता. इंदिरा गांधींच्या सरकारसमोर निवडणूक होती, हे त्या घाईचे एक कारण अनेकांनी नोंदवले आहे. ऐंशीच्या दशकातल्या याच लाटेत अमरावती आणि अकोल्याला मनोरे मिळाले.

हा मनोरा म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे, कारण लोक त्यालाच 'टीव्ही स्टेशन' म्हणत. आवारात आकाशाकडे तोंड केलेली एक मोठी डिश, एका खोलीत शंभर वॉटचा प्रक्षेपक, वीज गेली तर जनरेटर, पाळीपाळीने बसणारे तंत्रज्ञ आणि वर लोखंडी मनोरा. डिशने दिल्लीचा संकेत उतरवायचा, प्रक्षेपकाने तो शहराला वाटायचा. पल्ला फार तर वीस-पंचवीस किलोमीटर. मेळघाटातल्या दऱ्या त्याच्या हिशेबातच नव्हत्या. तिथे कॅमेरा नव्हता, स्टुडिओ नव्हता, निवेदक नव्हता. अमरावतीत पूर आला तरी अमरावतीच्या मनोऱ्यावरून त्याची एक ओळ सांगता येत नसे. त्या बाबतीत आकाशवाणीचे अकोला केंद्र कितीतरी पुढे, त्याला निदान स्वतःचा आवाज आहे. दूरदर्शनने आम्हाला कान-डोळे दिले, तोंड दिले नाही.

याचा एक परिणाम असा की वऱ्हाडी माणसाने टीव्हीवर मराठीच्या आधी दिल्लीची हिंदी ऐकली. मराठी कार्यक्रम उपग्रहामार्गे नंतर येऊ लागले, मराठी वाहिनी तर १५ ऑगस्ट १९९४ची. 'सह्याद्री' हे तिचे नाव २००० सालचे. घरात दखनी वळणाची उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकी मराठी बोलणाऱ्या आमच्या मोहल्ल्यांना या हिंदीची अडचण झाली नाही, उलट ती जवळची वाटली. 'हम लोग' जुलै १९८४ मध्ये सुरू झाली, मग 'बुनियाद', 'नुक्कड'. या मालिकांची हिंदुस्तानी आमच्या आयांना सहज कळत होती. पण त्यामुळेच एक गैरसमज पक्का झाला. मुसलमानाची भाषा हिंदी-उर्दूच, मराठी त्याची नव्हे, हा समज टीव्हीने निर्माण केला नसला तरी पाळला-पोसला. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. पडद्यावरचा मुसलमान मात्र शेरवानी घालून लखनवी बोलत राहिला.

१९८७च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी 'रामायण' आणि पुढे २ ऑक्टोबर १९८८पासून 'महाभारत'. मोहल्ल्यातही ते पाहिले जाई, हे आज तरुणांना सांगितले तर खरे वाटत नाही. महाभारताचे संवाद गाझीपूरच्या राही मासूम रझांनी लिहिले होते. १९९० मध्ये संजय खानच्या 'टिपू सुलतान'वर वाद झाला, आणि ही काल्पनिक कथा आहे अशी पाटी लावूनच ती मालिका दाखवण्यात आली. एका राजाच्या मालिकेला पाटी लागते आणि दुसरीला लागत नाही, हे आमच्या वडीलधाऱ्यांच्या नजरेतून सुटले नव्हते.

खरे स्थानिक टीव्ही आले ते सरकारी मनोऱ्यावरून नव्हे, विजेच्या खांबांवरून ओढलेल्या काळ्या वायरीतून. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्यांनी एका व्हीसीआरवरून आजूबाजूच्या घरांत वायर नेली आणि महिन्याचे पैसे ठरवून सिनेमा दाखवू लागले. १९९१च्या जानेवारीत आखाती युद्ध झाले, सीएनएनने ते घराघरांत आणले, त्याच वर्षी स्टार आला, २ ऑक्टोबर १९९२ला झी. डिश बसवणारा तो केबलवाला झाला. या धंद्याला ना भांडवल फार लागे ना पदवी. लागे ती खांबावर चढण्याची हिंमत, बूस्टर दुरुस्त करण्याचा हात आणि वसुलीला दारोदार फिरण्याची चिकाटी. नोकरीची दारे बंद असलेल्या पोरांना, त्यात आमची पोरेही आली, हा धंदा आपला वाटला यात नवल नाही.

कायदा मागाहून आला. १९९४च्या सप्टेंबरात अध्यादेश, १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा. त्यातली गंमत अशी की केबलचालकाची नोंदणी पोस्टात होई. मुख्य डाकघरात अर्ज आणि पाचशे रुपये भरले की वर्षभराचे प्रमाणपत्र. म्हणजे ज्या खिडकीवर मनिऑर्डर करायची, तिथेच टीव्हीचा परवाना. दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे सक्तीचे होते. स्वतःची स्थानिक वाहिनी चालवायला मात्र कित्येक वर्षे वेगळे नियमच नव्हते. उपग्रह वाहिनीला दिल्लीतल्या मंत्रालयाची परवानगी लागे, गल्लीतल्या वाहिनीला एक मॉड्युलेटर आणि एक रिकामा चॅनेल पुरे. नागपूरच्या यूसीएनसारखे मोठे जाळे पुढे विदर्भात पसरले, पण सुरुवातीचे चित्र शहरा-शहरातल्या छोट्या कंट्रोल रूमचे होते.

या सिटी चॅनेलचे काम कसे चाले? लग्नाची शूटिंग करणाराच सहसा कॅमेरामन. दिवसभरात महापालिकेची सभा, एखादे उद्घाटन, बाजार समितीतला कापसाचा लिलाव, मोर्चा एवढे टिपायचे. दोन व्हीसीआर जोडून जोडाजोड करायची, संध्याकाळी निवेदकाने टेबलामागे बसून बातम्या वाचायच्या. रात्री आणि सकाळी त्याच पुन्हा. शहराच्या दुसऱ्या भागात वेगळ्या चालकाचे जाळे असेल तर कॅसेट मोटारसायकलवरून तिकडे पोचवायची. खर्च निघे तो खालून सरकणाऱ्या पट्टीतून. साडीचा सेल, बाहेरगावचे डॉक्टर अमुक वारी येणार, ट्यूशन क्लास, हरवलेली बॅग, वाढदिवसाच्या शुभेच्छा. निवडणुकीच्या काळात पट्टी उमेदवारांच्या ताब्यात जाई आणि बातमी कुठे संपते, जाहिरात कुठे सुरू होते हे कळेनासे होई. या चॅनेलांना पत्रकारितेचा आदर्श म्हणण्याचे कारण नाही. पुष्कळदा ती आपल्या मालकाच्या राजकारणाची भोंगाच होती.

आणि तरीही त्यांनी एक गोष्ट केली जी दिल्ली-मुंबईने केली नाही. रमजानमध्ये सहेरी आणि इफ्तारच्या वेळा त्याच पट्टीवर सरकत, त्यानंतर एखाद्या मंगल कार्यालयाची जाहिरात. ईदगाहवरची नमाज आणि गणपतीची मिरवणूक एकाच कॅमेऱ्याने टिपलेली, एकाच बातमीपत्रात. मय्यत आणि दफनाची वेळ तिथेच कळे. इथला मुसलमान तिथे शेरवानीत नव्हता. तो संत्री विकत होता, नळाला पाणी नाही म्हणून नगरसेवकाशी भांडत होता, आणि भांडत होता तो वऱ्हाडी मराठीत. १५ ऑगस्ट २००१ला हैदराबादेतून ई टीव्ही उर्दू आली, २००६ मध्ये डीडी उर्दू. त्यांनी आम्हाला मुशायरे दिले. मोहल्ल्याचा तुंबलेला नाला त्यांच्या कॅमेऱ्यात येणे शक्य नव्हते.

याची दुसरी बाजूही आहे, ती टाळून चालणार नाही. तणावाच्या काळात गल्लीच्या वाहिनीचा एक शब्द शहर पेटवू शकतो किंवा विझवू शकतो. म्हणूनच केबल कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने धर्म, जात वा भाषेवरून वैर वाढवणारा कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्याला दिला. अकोल्यात तो अधिकार जिल्हाधिकारी आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, अमरावती शहरात पोलीस आयुक्तांकडेही. पण १२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ला अमरावतीत हिंसाचार झाला, १३ मे २०२३ला अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल होऊन एकाचा बळी गेला, तोवर अफवेचे वाहन बदलले होते. दोन्ही वेळा प्रशासनाने बंद केले ते इंटरनेट. मोबाइलवरच्या मजकुराला ना कंट्रोल रूम, ना पत्ता. सिटी चॅनेलच्या मालकाला निदान रात्री अकरा वाजता दार वाजवून उठवता येत होते आणि मोहल्ल्यातले चार बुजुर्ग जाऊन 'भाऊ, हे दाखवू नका' म्हणू शकत होते. ही सेन्सॉरशिप होती का? होती. पण ती तोंडओळखीची होती.

डिजिटायझेशनने धंद्याचे रूप पालटले. नागपूरसारख्या शहरांना २०१३ची मुदत होती, अमरावती-अकोल्यासह उरलेल्या नागरी भागाला ३१ डिसेंबर २०१५ची. न्यायालयीन स्थगित्यांमुळे ती लांबली, पण शेवटी सेट-टॉप बॉक्स आलाच. छोट्या कंट्रोल रूमना ते भांडवल परवडणारे नव्हते. गल्लीतला चालक मोठ्या जाळ्याचा वसुलीदार झाला, आणि सिटी चॅनेल शेकडो वाहिन्यांच्या गर्दीत कुठल्यातरी तीन आकडी क्रमांकावर गेले. बरेच जण यू-ट्यूब आणि फेसबुकवर सरकले. सरकारी मनोऱ्यांचे तर आयुष्यच संपले. जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक, मोजके अपवाद वगळता, मार्च २०२२पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने २०२१ मध्ये जाहीर केले.

हा सगळा इतिहास लिहायचा कशावरून, हा इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढचा खरा प्रश्न आहे. वऱ्हाडच्या वर्तमानपत्रांचे जुने अंक थोडेफार वाचनालयांत मिळतात. सिटी चॅनेलची कॅसेट महाग, म्हणून कालच्या बातमीवर आजची बातमी भरली जाई. ज्या वाचल्या त्या कपाटांत आहेत, पावसाळ्यातल्या दमटपणाने फितीवर बुरशी चढते आणि त्या चालवायला व्हीसीआर सापडत नाही. सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये केबलवरच्या स्थानिक वाहिन्यांसाठी अखेर नियम केले. एका वाहिनीच्या नोंदणीला हजार रुपये, एकूण वाहिन्यांच्या पाच टक्क्यांची मर्यादा, आणि प्रत्येक कार्यक्रमाचे चित्रण जपून ठेवण्याची सक्ती. ही सक्ती नव्वद दिवसांची आहे.